कोरा नमुना

वळसंगला सकाळी सातला पोचले,
तर ऊन आधीच गोठ्याच्या पत्र्यावर येऊन बसलेलं.
सरजी उभी होती, खिलार, शिंगं मागे झुकलेली,
आणि मी तिच्या मागे, हातात झाकणाची बरणी.
शेपटीखाली दोन बोटांनी हळूहळू चोळत राहायचं,
हे पुस्तकात नव्हतं,
रेवणसिद्ध मामांनी शिकवलं.
वीस मिनिटं. पंचवीस.
'काय शोधलालाव ओ येमुल म्याडम, तिच्या मुतात?'
'शेंगपेंडीतलं विष.'
'मग पेंड तपासा की.'

पेंड तपासली होती, मामा.
पोतं तोंडाशी एक बोलतं, बुडाशी दुसरं.
बुरशी सारखी पसरत नाही,
गाव वसतं तशी वसते,
इथं दाट, तिथं नुसतं पडीक.
गाय मात्र अख्खं पोतं खाते
आणि मग तिला लपवता येत नाही.
मूत सांगतं काल-परवाचं.
रक्त अमावास्येपासूनचं काढत बसतं,
रक्ताला विसरायला वेळ लागतो.

किती असतं म्हणाल, तर
साडेतीनशे पोती ज्वारी खळ्यावर ओता,
त्यात काणी लागलेला एक दाणा टाका,
हात घालून ढवळा,
आणि मला बोलवा.

होटगी रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
नायट्रोजनच्या बारीक फुंकरीखाली
सरजीचा अर्क आटत जातो,
कुपीच्या बुडाशी उरतं, दिसत नाही असं काहीतरी.
यंत्र ते गिळतं. सात मिनिटं चाळीस सेकंद.
पडद्यावर शिखर उठतं.
पण किती उंच, हे कशावरून?
यंत्राला आधी निर्मळ काहीतरी दाखवावं लागतं,
नसणं म्हणजे काय ते शिकल्याशिवाय
असणं त्याला मोजता येत नाही.
त्याला आम्ही म्हणतो कोरा नमुना.

तो काही केल्या मिळेना.
मंद्रूपची म्हैस, कोरी नाही.
बोरामणीची जर्सी, तिला तर विचारूच नका.
मग चार दिवसांचं वासरू,
ज्यानं गवताचं पातंही तोंडात धरलेलं नव्हतं.
त्याच्यातही आलं. आईच्या दुधातून.
इवलं शिखर, पण अगदी सरळ,
नवीन कान उभे करावेत तसं.
त्या दिवशी मी स्टुलावर बसून राहिले,
वीज गेली तरी उठले नाही.

शेवटी सापडलं ते जोडभावी पेठेत.
शकूर बागवानांची शेळी,
येड्या बाभळीच्या शेंगा, लग्नपत्रिका,
क्लासची पंपलेटं, एका उमेदवाराचं अर्धं तोंड,
एवढ्यावर जगणारी.
पहिली धार तिनं माझ्या चपलेवर सोडली,
दुसरी बरणीत.
पडद्यावर रेघ सपाट,
दुपारी दोनचा अक्कलकोट रोड.
मी शकूरभाईंना पेढे नेले. त्यांना कारण कळलं नाही,
शेळीनं कागदासकट खाल्ले.

आता सरजीचा आकडा निघाला.
मामांचा फोन: 'पास का नापास?'
मुताला पास-नापास ठरलेलं नाही अजून, मामा.
एवढंच सांगते की आहे.
'मग ही पेंड फेकू? अकरा पोती हाईत.'
फोनमध्ये सरजीची घंटा ऐकू येत होती,
ती खात असणार.

घरी अम्मा सुपात शेंगदाणे निवडते,
सुरकुतलेले एका बाजूला, चिमणीला.
एखादा तोंडात टाकते, 'चेदू' म्हणून थुंकते,
कडू गेलं म्हणजे वाईट गेलं, असा तिचा हिशोब.
या विषाला चव नसते, हे तिला तेलुगूत कसं सांगायचं,
मराठीतही अजून जमलेलं नाही.

डबा रोज येतो.
कडक भाकरी, दही, लाल चटणी.
नमुना क्रमांक मी दिलेला नाही.
खाते. चांगली असते.